काबूलची पुसलेली शाई

९ ऑक्टोबर २००४ रोजी अफगाण जनतेने पहिल्यांदाच थेट मत देऊन राष्ट्राध्यक्ष निवडला. पण दुपारपर्यंत काबूलमध्ये बोंब उठली होती, की बोटावरची खूण पाण्याने जाते. हमीद करझाई यांच्या विरोधातल्या १५ उमेदवारांनी मतदान चालू असतानाच बहिष्कार जाहीर केला. संयुक्त राष्ट्रांना तीन तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. चौकशीत गैरप्रकार आढळले, मात्र निकाल बदलण्याइतके ते मोठे नव्हते, आणि ५५.४ टक्के मतं मिळवलेले करझाई निवडून आल्याचं नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं. घोळ हाताळणीतला होता. केंद्रांवर दोन तऱ्हेची पेनं होती, एक बोटाला लावायचं आणि दुसरं मतपत्रिकेवर खूण करायचं. काही ठिकाणी कर्मचाऱ्यांनी दुसरंच पेन बोटाला लावलं. युद्धातून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या देशाची निवडणूक एवढ्याशा गोष्टीवरून मोडता मोडता वाचली.

ही खूण किती दिवस टिकायला हवी, ते खान्देशातला हिशेब घेऊन पाहू. २०२४ च्या लोकसभेला जळगाव, रावेर आणि नंदुरबारचं मतदान १३ मे रोजी झालं, धुळ्याचं २० मे रोजी. अमळनेरच्या मतदाराचं नाव धुळ्याच्या यादीतही राहून गेलं असेल, तर मधले सात दिवस त्याला अडवणारी उघड गोष्ट म्हणजे ती काळी रेघ.

या शाईतला कामाचा घटक म्हणजे सिल्व्हर नायट्रेट, साधारण १० ते १८ टक्के. जोडीला लगेच दिसावा म्हणून जांभळा रंग आणि लवकर वाळावी म्हणून अल्कोहोल. जांभळा रंग केवळ दिखाऊ असतो, तो धुतला जातो. खरं काम कातडीत चालतं. घामातल्या मिठाशी संयोग होऊन सिल्व्हर क्लोराइड बनतं, जे पाण्यात विरघळत नाही. मग उजेड, विशेषतः ऊन लागलं की त्यातून चांदीचे बारीक काळे कण तयार होतात आणि कातडीतल्या केरॅटिन या प्रथिनाला चिकटून बसतात. रावेर-यावलच्या केळीबागांत काम करणाऱ्यांना चिकाचा डाग ठाऊक आहे. लागतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, मागाहून काळपट होतो आणि मग साबणाला दाद देत नाही. तिथे काम हवा करते, इथे उजेड, पण चकवा तोच. मत देऊन बाहेर पडताना खूण फिकी वाटली म्हणून शाई वाईट ठरत नाही. ती काही तासांनी गडद होते.

कातडीवरची खूण थोड्याच दिवसांत निघते, कारण वरचा थर झडून नवा येतो. नख झडत नाही, फक्त वाढतं, महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर. म्हणून नखाच्या मुळाशी लागलेली शाई काही आठवडे दिसत राहते. आपल्याकडे २००६ पासून नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ ओढतात ती याचसाठी. ही शाई दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने विकसित केली. १९६२ पासून ती म्हैसूर पेंट्स अँड वार्निश ही कर्नाटक सरकारची कंपनी बनवते आणि परदेशांतही पाठवते. लावण्याच्या तऱ्हा देशागणिक वेगळ्या. कंबोडियात बोट शाईत बुडवतात, अफगाणिस्तानात पेन वापरलं गेलं.

बिघाड कुठे होतो? पहिला शत्रू तेल. बोटाला आधीच तेल किंवा मेण चोळलं असेल तर शाई कातडीपर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी कापडाने बोट पुसायचं, जुनी खूण आहे का ते पाहायचं, मगच शाई लावायची आणि वाळू द्यायची. आपल्या केंद्रावर दुसरा मतदान अधिकारी शाई लावतो आणि तिसरा ती शाबूत आहे ना, हे पाहून मगच मतदान यंत्राकडे सोडतो. हा दोन माणसांचा क्रम मोलाचा आहे, एकाच्या हातून सुटलं तर दुसऱ्याच्या नजरेत येतं. दुसरा शत्रू उजेड. सिल्व्हर नायट्रेट बाटलीतच खराब होऊ शकतं, म्हणून बाटली गडद रंगाची असते. तिसरा उन्हाळा. मे महिन्यात जळगावच्या उकाड्यात बूच उघडं राहिलं तर अल्कोहोल उडून शाई दाट होते. बाटली कलंडू नये म्हणून ती वाळू भरलेल्या डब्यात खोचून ठेवायची, ही सूचनाही निवडणूक आयोगाच्या मतदान कर्मचाऱ्यांसाठीच्या पुस्तिकेत आहे. नर्मदेच्या फुगवट्यातून बोटीने नंदुरबार जिल्ह्यातल्या मणिबेलीला जाणाऱ्या पथकालाही हेच सामान आणि हाच क्रम पाळावा लागतो.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे शाई हा दुसरा अडसर आहे, पहिला अडसर मतदार यादी. अमुक केंद्रावर अमुक माणसं, त्यांचीच नावं. २००४ च्या अफगाणिस्तानात केंद्रवार यादीच नव्हती. १ कोटीहून जास्त मतदार कार्डं वाटली गेली होती, अंदाजे पात्र लोकसंख्येपेक्षाही जास्त, आणि कार्डधारक कुठल्याही केंद्रावर मत देऊ शकत होता. एकाकडे दोन कार्डं असली तर त्याला थांबवायला फक्त बोटावरची शाई उरली. सगळा भार एका पेनावर आला आणि तिथेच ते पेन चुकलं.

या खुणेची दुसरी बाजू क्रूर आहे. जी खूण दुबार मतदान रोखते, तीच मत दिल्याचा पुरावा बनते. जून २०१४ मध्ये हेरात प्रांतात मतदान करून परतणाऱ्या ११ जणांची बोटं तालिबानने कापली. जिथे मतदारावर हल्ला होऊ शकतो तिथे अतिनील दिव्याखालीच दिसणारी शाई हा पर्याय असतो, पण मग प्रत्येक केंद्रावर चालू दिवा आणि काळोखा कोपरा लागतो.

बाहेरची मदत कशी येते, हेही समजून घ्यायला हवं. १९९१ च्या ठरावानंतर संयुक्त राष्ट्रांनी निवडणूक साहाय्याचा स्वतंत्र विभाग उभा केला. देशाने स्वतः मागितल्याशिवाय किंवा सुरक्षा परिषदेने वा आमसभेने सांगितल्याशिवाय ते मदत करत नाहीत. कंबोडियात १९९३ साली त्यांनी निवडणूक स्वतःच घेतली. बाकी बहुतेक ठिकाणी ते स्थानिक आयोगाला माणसं, पैसा आणि प्रशिक्षण देतात. ही कल्पना आपल्याला परकी नाही. १९५३ मध्ये सुदानच्या निवडणुकीसाठी जो सात जणांचा आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष होते भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन.

ही मदत मतदानाच्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते. पेट्या, विमानं, निरीक्षक. माझं ठाम मत आहे की ती दोन निवडणुकांच्या मधल्या कोरड्या वर्षांत यादीवर खर्च व्हायला हवी. यादीचं काम किती चिवट असतं ते नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात दिसेल. पाडे डोंगरभर विखुरलेले. पावरा, पाडवी, वसावे ही आडनावं घरोघरी, त्यामुळे नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही सारखं असलेली दोन वेगळी माणसं निघतात. ‘दुबार’ समजून एकाचं नाव कापलं जाऊ शकतं. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबाच्या दाराला कुलूप दिसलं, म्हणून ‘स्थलांतरित’ असा शेरा पडू शकतो. म्हणून आधी प्रारूप यादी, मग हरकतींची मुदत, घरी जाऊन खातरजमा आणि मगच अंतिम यादी. यातली एक पायरी गाळली तरी फटका गरिबालाच बसतो.

नेपाळने हे काम मनावर घेतलं. यादवीनंतरच्या २००८ च्या संविधान सभेच्या निवडणुकीत यादीत सुमारे १ कोटी ७६ लाख नावं होती. २०१० पासून त्यांच्या आयोगाने बाहेरच्या तांत्रिक मदतीने फोटो आणि बोटांच्या ठशांसह यादी पहिल्यापासून नव्याने बांधली. संयुक्त राष्ट्रांचं राजकीय पथक जानेवारी २०११ मध्ये निघून गेलं, नोंदणी चालू राहिली. २०१३ मध्ये यादीत सुमारे १ कोटी २१ लाख नावं उरली. गळालेल्यांत परदेशी कामाला गेलेले होते, आणि तराईतले, म्हणजे भारताला लागून असलेल्या सखल पट्ट्यातले, अनेक असेही, जे गावातच होते पण ज्यांच्याकडे नागरिकत्वाचा दाखला नव्हता. त्यांच्यासाठी सरकारने गावोगाव फिरती पथकं पाठवून दाखले वाटले, म्हणजे निवडणूक आयोगाचं काम सोपं व्हायला आधी जिल्हा प्रशासनाची कचेरी दारापर्यंत न्यावी लागली.