डिस्क गोल्फची उसनी परिभाषा : पार्श्वभूमी

डिस्क गोल्फमध्ये गोल्फची काठी नाही, चेंडू नाही आणि जमिनीत खणलेला खळगाही नाही. खेळाडू हाताने चकती फेकतो आणि साखळ्या लोंबणाऱ्या लोखंडी टोपलीत ती कमीत कमी फेकींत पोहोचवतो. तरीही खेळाच्या प्रत्येक टप्प्याला ‘होल’ म्हणतात, फेक सुरू करण्याच्या जागेला ‘टी’, मधल्या मोकळ्या पट्ट्याला ‘फेअरवे’, आणि गुणफलकावर ‘पार’ (निर्दोष खेळात अपेक्षित फेकी), ‘बर्डी’ (पारपेक्षा एक कमी), ‘बोगी’ (पारपेक्षा एक जास्त) हे शब्द दिसतात. ही परिभाषा पारंपरिक गोल्फची आहे, आणि उसने शब्द कमीपणाचे, असा आक्षेप घेतला जातो. ती पुढेही चालवावी की या खेळाने आपले शब्द घडवावेत, याचा निर्णय करण्याआधी ती कशी आली हे पाहणे आवश्यक आहे.

चकती फेकत ठरलेल्या लक्ष्यांपर्यंत जाण्याचा खेळ वेगवेगळ्या ठिकाणी लोकांनी आपापला शोधून काढला. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतातल्या ब्लॅडवर्थ गावी 1926 मध्ये शाळकरी मुले पत्र्याच्या डब्यांची झाकणे फेकून असा खेळ खेळत आणि त्याला ‘टिन लिड गोल्फ’ म्हणत. व्हॅम-ओ कंपनीची प्लॅस्टिकची चकती ‘फ्रिस्बी’ या नावाने बाजारात आली ती 1957 मध्ये. म्हणजे खेळाच्या नावातला गोल्फ आजच्या चकतीपेक्षा जुना आहे. पुढे 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियात जॉर्ज सॅपेनफील्ड आणि इतर काहींनी मुलांसाठी असेच खेळ रचले. तेव्हा झाडे, दिव्यांचे खांब, कचऱ्याचे डबे हीच लक्ष्ये होती. ठरलेल्या क्रमाने लक्ष्ये गाठायची आणि ज्याच्या फेकी सर्वांत कमी तो जिंकला, ही सारी घडणच गोल्फची असल्यामुळे शब्दही तिच्याबरोबर आले. ते कोणी बसून निवडले असे झाले नाही.

या शब्दांना संस्थात्मक रूप दिले ते एड हेड्रिक यांनी. व्हॅम-ओमध्ये काम करताना त्यांनी फ्रिस्बीची रचना सुधारली आणि तिच्या स्थिर उड्डाणाचे पेटंट 1967 मध्ये मिळवले. 1975 मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानात त्यांच्या आराखड्यानुसार पहिले कायमस्वरूपी मैदान तयार झाले आणि 1976 मध्ये त्यांनी प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन, म्हणजे पीडीजीए, स्थापन केली. साखळ्या आणि टोपली असलेल्या त्यांच्या लक्ष्याला 1977 मध्ये पेटंट मिळाले. जमिनीपासून वर, खांबाला जोडलेल्या त्या टोपलीचे नाव त्यांनी ‘डिस्क पोल होल’ ठेवले. ‘डिस्क गोल्फ’ या नावाच्या दोन्ही अर्ध्यांचा इतिहास येथे लक्षात घेण्याजोगा आहे. ‘फ्रिस्बी’ ही व्हॅम-ओची नोंदणीकृत व्यापारमुद्रा होती, म्हणून खेळाला ‘डिस्क’ हा सर्वसामान्य शब्द सोयीचा ठरला. गोल्फच्या शब्दांवर मात्र कोणाचीच मालकी नव्हती. शिवाय सार्वजनिक उद्यानाच्या अधिकाऱ्याला अनोळखी खेळासाठी जागा मागताना ‘हा चकतीचा गोल्फ आहे’ एवढे एक वाक्य पुरेसे होत असे. या उपयोगाचे मोल मी कमी लेखत नाही. खेळ पसरण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

गोल्फचे शब्द तरी मुळात गोल्फचे कुठे होते? ‘पार’ हा शेअर बाजारातला शब्द. 1870 मध्ये स्कॉटलंडमधील प्रेस्टविकच्या 12 होलच्या मैदानावर ओपन स्पर्धा व्हायची होती, तेव्हा ए. एच. डोलमन या पत्रकाराने डेव्हिड स्ट्रॅथ आणि जेम्स अँडरसन या व्यावसायिक खेळाडूंना विचारले की निर्दोष खेळाला किती फटके लागतील. उत्तर आले 49, आणि डोलमन यांनी त्या आकड्याला पार म्हटले. यंग टॉम मॉरिस यांनी ती स्पर्धा तीन फेऱ्यांत 149 फटक्यांनी, म्हणजे पारपेक्षा दोनच फटके जास्त घेऊन, जिंकली. ‘बोगी’ 1890 च्या सुमारास इंग्लंडमध्ये एका लोकप्रिय गाण्यातून आला आणि प्रारंभी त्याचा अर्थ चांगल्या खेळाडूकडून अपेक्षित फटकेसंख्या असा होता. पारपेक्षा एक फटका जास्त हा आजचा अर्थ नंतरचा. ‘बर्डी’ विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अमेरिकेतील अटलांटिक सिटीच्या क्लबात बोलीभाषेतून घडला. तेव्हा उसनवारी कमीपणाची आहे, हा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही.

दुसरे असे की जेथे गोल्फकडे शब्दच नव्हते तेथे डिस्क गोल्फने आपले शब्द निःसंकोच वापरले. चकती कोणत्या कोनात कलवून सोडली यावरून ‘हायझर’ आणि ‘अ‍ॅनहायझर’ हे शब्द फ्रिस्बी खेळणाऱ्यांच्या बोलण्यातून आले. डेव्ह ड्युनिपेस यांनी 1983 मध्ये धारदार उतरत्या कडेची चकती आणल्यावर फेकींचे अंतर वाढले आणि लांब फेकीसाठी ‘ड्रायव्हर’, मधल्या अंतरासाठी ‘मिड-रेंज’, जवळच्या फेकीसाठी ‘पटर’ असे चकत्यांचे प्रकार पडले. ही नावे गोल्फच्या वळणाची असली तरी चकतीचे उड्डाण ज्या चार आकड्यांनी सांगतात ते स्पीड (वेग), ग्लाइड (तरंगत राहणे), टर्न (सुरुवातीचे वळण) आणि फेड (शेवटचे वळण) गोल्फच्या साच्यात बसत नाहीत. पीडीजीएच्या नियमावलीतही दंड ‘फटक्यांत’ नव्हे, तर ‘फेकींत’ मोजला जातो.

खरी अडचण एकाच शब्दाची आहे, आणि ती शब्दाबरोबर आलेल्या गणिताची आहे. गोल्फमध्ये पार ठरवताना हिरवळीवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पोहोचल्यानंतर दोन ‘पट’, म्हणजे जवळून मारलेले हलके फटके, गृहीत धरतात. म्हणून सर्वांत छोटा होलही पार 3 असतो : एक फटका हिरवळीपर्यंत आणि दोन पट. डिस्क गोल्फने ‘जवळून दोन फेकी’ हे गृहीत तसेच उचलले. प्रत्यक्षात टोपलीपासून 10 मीटरच्या आतले पट अव्वल खेळाडू बहुतेक वेळा एकाच फेकीत पूर्ण करतात. 60 मीटरच्या मोकळ्या होलवर एक फेक आणि एक पट हा त्यांचा साधा, चुकांविना खेळ आहे; तरी त्याची नोंद बर्डी अशी होते, कारण पार 2 व्यवहारात जवळजवळ कुठेच दिसत नाही. सगळे 18 होल पार 3 धरून 54 मोजण्याची प्रथा याच विचारातून अनेक वर्षे चालली. 2018 मध्ये मिशिगनमधील टोबॉगन मैदानावर पॉल मॅकबेथ यांनी एका फेरीत पारपेक्षा 18 फेकी कमी घेतल्या. ती फेरी कोणत्याही मापाने असामान्यच होती. पण गोल्फमध्ये जिम फ्युरिक यांची 2016 मधली 58 फटक्यांची विक्रमी फेरी पारखाली फक्त 12 होती, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवणाऱ्या नवख्या प्रेक्षकाची हमखास दिशाभूल होते. मॅकबेथ यांच्या कामगिरीवरही त्यात अन्यायच होतो, कारण ऐकणाऱ्याला मैदान सोपे असावे असे वाटते.

म्हणून टी, फेअरवे, होल आणि बर्डीसुद्धा ठेवावेत, पण पारचे गणित मात्र चकतीच्या खेळावरूनच मांडावे, असे माझे मत आहे. त्यासाठी लागणारी सामग्री पीडीजीएकडे आधीच आहे. खेळाडूंचे कौशल्य आकड्यात सांगणाऱ्या तिच्या मानांकनात 1000 हा अव्वल खेळाचा मापदंड असून फेरीचे मूल्य त्या दिवशी त्या मैदानावर इतर मानांकित खेळाडूंनी प्रत्यक्ष किती फेकी घेतल्या यावरून निघते. पार ठरवण्याच्या तिच्या मार्गदर्शक सूचनाही आता खेळाडूंच्या कौशल्यपातळीनुसार वेगवेगळ्या आहेत. ज्या होलवर 1000 मानांकनाचे खेळाडू सातत्याने दोनच फेकी घेतात, तेथे पार 2 लिहिण्याइतके पाऊल अजून उचलायचे आहे.