रोज थोडी दारू घेतल्याने पक्षाघात टळतो का?

‘रोज एखादा पेग घेतला की रक्त पातळ राहतं, पक्षाघात होत नाही’ हे अनेक वर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही.

समजाला आधार होता, हे मान्य करायला हवं. जुन्या पाहण्यांत थोडी पिणाऱ्यांना पक्षाघात अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा कमी झालेला दिसे. पण ‘न पिणाऱ्यां’मध्ये आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले जात. त्यांची तब्येत आधीच खालावलेली, मग तुलना सरळ कशी होणार?

2019 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चीनमधल्या 5 लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास आला. पूर्व आशियात अनेकांमध्ये असे जनुकीय बदल असतात की दारू प्यायल्यावर चेहरा लाल होतो, मळमळतं. साहजिकच ते कमी पितात. हे बदल जन्मतःच ठरतात, नंतरच्या आजारपणावर किंवा राहणीवर नाही. या आधारे सुमारे 1,60,000 जणांची तुलना केली, तेव्हा थोड्या दारूचा तो फायदा नाहीसा झाला. उलट दिवसाला एक-दोन पेगनेही धोका 10 ते 15 टक्क्यांनी वाढलेला दिसला, चार पेगने सुमारे 35 टक्क्यांनी. त्या भागातल्या स्त्रिया क्वचितच पितात. तेच जनुकीय बदल असूनही त्यांच्यात हा फरक आढळला नाही. म्हणजे फरक जनुकांमुळे नव्हे, दारूमुळे पडतो. मला हा पुरावा सर्वांत बोलका वाटतो.

कारण मुख्यतः रक्तदाबाचं. दारूने तो वाढतो. आणि रक्त गोठण्याची क्रिया मंदावते म्हणून खूश होऊ नका, मेंदूत रक्तस्राव होऊन येणाऱ्या पक्षाघाताचा धोका तर दारूने आणखी जास्त वाढतो.