शिकेकाईचे न्हाणे

शिकेकाईच्या शेंगांचा काढा किंवा पूड वापरून केस धुण्याची महाराष्ट्र, गोवा आणि दक्षिण भारतातली जुनी घरगुती रीत. आधी तेल, मग शिकेकाई, नंतर पंचाने टिपून सावलीत वाळवणे आणि शेवटी गुंता सोडवणे असा तिचा क्रम आहे. साबण आणि शांपू घरोघरी पोचण्याआधी केस असेच धुतले जात. लांब केस राखणाऱ्या बायकांमध्ये ही रीत आजही टिकून आहे. तिचे कौतुक करताना सगळे श्रेय शिकेकाईला दिले जाते. पण केस चांगले राहतात ते या पूर्ण क्रमामुळे, आणि त्यातली एकही गोष्ट महाग नाही.

शिकेकाई ही शेंगवर्गातली काटेरी, झुडपासारखी वेल. तिचे शास्त्रीय नाव सेनेगॅलिया रुगाटा. जुन्या पुस्तकांत ती ॲकेशिया कॉन्सिना या नावाने सापडते. सह्याद्रीतल्या जंगलांत ती बाकदार काट्यांच्या आधाराने शेजारच्या झाडांवर चढते. कोवळी पाने चवीला आंबट असतात आणि काही भागांत त्यांची चटणी करतात. शेंगा ओल्या असताना मांसल दिसतात, वाळल्या की तपकिरी पडून सुरकुततात. बाजारातला माल बराचसा जंगलातून गोळा केलेला असतो. केंद्र सरकार ज्या गौण वनोपजांना किमान आधारभूत किंमत जाहीर करते, त्यांत शिकेकाईच्या वाळलेल्या शेंगाही आहेत. दुकानातली पुडी स्वस्त असली, तरी तिच्यामागे काट्यांतून शेंगा काढणाऱ्या माणसांचे कष्ट असतात.

केस स्वच्छ करण्याचे काम शेंगेतली सॅपोनिन ही द्रव्ये करतात. सॅपोनिनच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला, त्यामुळे डोक्यातले तेल व मळ पाण्याबरोबर सुटून येतो. रिठ्याच्या गरातही हीच द्रव्ये असतात आणि शिकेकाईपेक्षा जास्त असतात. म्हणून रिठ्याला फेस भरपूर येतो, पण नुसत्या रिठ्याने केस रखरखीत होतात. शिकेकाईचा काढा सौम्य आम्लधर्मी असतो, तर अंगाचा साबण अल्कधर्मी, साधारण 9 ते 10 पीएचचा. केसाच्या बाहेरच्या थरावर कौलांसारखी एकावर एक बसलेली खवले असतात. अल्कधर्मी पाण्यात केस फुगतो, खवले उचलली जातात आणि केस एकमेकांत अडकतात. सौम्य आम्लात ती मिटलेली राहतात. साबणाने धुतलेले केस राठ का लागतात, याचे बरेचसे उत्तर यात आहे.

बोअरवेलच्या जड पाण्यात हा फरक आणखी ठळक दिसतो. जड पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि केसांवर बसतो. शिकेकाईचा असा साका होत नाही. पठारावरच्या अनेक गावांत पाणी जड आहे. तिथल्या बायका अंगाला साबण लावत असूनही डोक्याला शिकेकाईच वापरत राहिल्या, तर ते सवयीपुरते नव्हते.

काढ्यासाठी मूठभर शेंगा फोडून बिया काढतात आणि टरफले रात्री पाण्यात भिजत घालतात. सोबत चार-पाच रिठ्यांची साले आणि थोडा आवळकाठीचा चुरा असतो. सकाळी मंद आचेवर उकळून, कोमट झाल्यावर हाताने कुस्करून फडक्यातून गाळले, की दाटसर तपकिरी पाणी मिळते. गाळण्यात आळस केला तर चोथ्याचे कण केसांत अडकतात आणि दिवसभर डोके खाजते. हा काढा लवकर आंबतो, त्यामुळे लागेल तेवढाच करावा.

पूड करायची असेल तर शेंगा कडक उन्हात वाळवून त्यांत रिठा, आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी, मेथी, वाळलेली संत्र्याची साल असे काहीबाही घालतात. प्रमाण घरोघरी वेगळे. कपूरकाचरी आणि नागरमोथा मुख्यतः वासासाठी, मेथी बुळबुळीतपणासाठी. ही पूड पिठाच्या गिरणीत कुणी दळून देत नाही, कारण ती नाकात गेली की शिंकांवर शिंका येतात आणि पुढच्या पिठाला तिची चव लागते. मिरची-मसाल्याच्या कांडपावाल्याला आधी सांगून ठेवावे लागते. कोकण-गोव्यात जास्वंदीची पाने पाण्यात चुरगळून त्यांचा बुळबुळीत रसही वापरतात. त्याने केस फार स्वच्छ होत नाहीत, पण मऊ राहतात आणि गुंता सहज सुटतो.

न्हाण्याआधी तेल लावण्याला चांगला शास्त्रीय आधार मिळाला आहे. 2003 साली रेळे आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसातून जाणारे प्रथिन खोबरेलामुळे लक्षणीय कमी झाले, बाकी दोन्हींनी तसे झाले नाही. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरते, असे त्यांनी मांडले. हे काम खोबरेल विकणाऱ्याच कंपनीच्या मुंबईतल्या प्रयोगशाळेत झाले होते, हे वाचकाला ठाऊक असावे. तेल आदल्या रात्री किंवा तासभर आधी लावले तरी पुरते. डोके निथळेपर्यंत लावले तर ते काढायला शिकेकाई दुप्पट लागते.

न्हाऊन झाल्यावर बहुतेक केस तुटतात ते घाईमुळे. ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो. म्हणून सरळ केस पंचाने न घासता टिपावेत, अर्धे-अधिक वाळू द्यावेत आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून मुळांकडे चढत गुंता काढावा. बारीक दातांची फणी उवा-लिखांसाठी असते, रोजच्या विंचरण्यासाठी नव्हे. कुरळ्या केसांचे शास्त्र वेगळे. टाळूचे तेल वळणांवरून टोकापर्यंत पोचत नाही, त्यामुळे ते मुळातच कोरडे असतात आणि वाळल्यावर विंचरले की तुटतात. त्यांना रिठा टाळावा, आठवड्यातून एकदाच न्हावे आणि केस ओलसर, निसरडे असतानाच बोटांनी किंवा रुंद कंगव्याने सोडवावेत. कुरळ्या केसांच्या मुलींना सरळ केसांचे नियम लावून वर्षानुवर्षे रडवले गेले आहे. ते थांबायला हवे.

शिकेकाईने केस वाढतात, हा समज सर्वदूर आहे. केस मुळातून वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, आणि बाहेरून धुण्याने तो वेग बदलतो असे म्हणायला आधार नाही. मात्र तुटणे कमी झाले की आहे ती लांबी टिकते, आणि आजीचे केस कमरेपर्यंत पोचण्यामागे हेच कारण असण्याची शक्यता जास्त. पांढरे होणे थांबत नाही. रोज 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक असते. चाई पडली, टाळू सोलवटली किंवा गळती अचानक वाढली, तर पुड्या बदलत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

डोळ्यांत गेली तर शिकेकाई जोरात झोंबते, रिठा त्याहून जास्त. लहान मुलांना न्हाऊ घालताना डोके मागे झुकवून पाणी घ्यावे. रंगवलेल्या केसांचा रंग रिठ्याने लवकर उतरू शकतो. रसायने वापरून सरळ केलेल्या केसांचे आतले बंध एकदा तोडलेले असतात, त्यामुळे ते जन्मजात सरळ केसांपेक्षा कमकुवत असतात. त्यांना काढा पातळ करून वापरावा, टोकांना हलके खोबरेल लावावे, गरम इस्त्री आणि घट्ट अंबाडा दोन्ही टाळावेत. नव्याने उगवलेला भाग आणि सरळ केलेला भाग जिथे जुळतात, तिथे केस सर्वांत आधी तुटतो. विंचरताना ती जागा हाताने धरावी.

वेष्टनावर शिकेकाईचे चित्र असलेला वडीचा साबण हा शेवटी साबणच असतो. तो अल्कधर्मी असल्यामुळे वर सांगितलेले शिकेकाईचे गुण त्याला लागू होत नाहीत. सुट्या शेंगा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. घेताना शेंग मोडून पाहावी. चांगली वाळलेली शेंग कडकन तुटते आणि आत बुरशी किंवा किडीचा भुगा नसतो.