९४ वर अडलेला वेग

कोथरूडमधल्या आमच्या घरी मागच्या उन्हाळ्यात इंटरनेटचा वेग केव्हाही मोजला, तरी ९४ हाच आकडा येत होता. जोडणी सेकंदाला ३०० मेगाबिटची होती. पण पहाटे मोजा, रात्री नऊला मोजा, राउटरला खेटून बसून मोजा, आकडा ९३ ते ९५ च्या बाहेर पडत नव्हता. वेग कमी असणे ही तक्रारीची बाब झाली, पण तो इतक्या शिस्तीने एकाच जागी थांबणे हा खरे तर पुरावा होता आणि तो वाचायला मला आठवडा लागला.

नेट मंदावले की आपण आधी राउटर बंद करून चालू करतो आणि त्याने भागले नाही की मोठा प्लॅन घेतो. माझे मत असे, की त्याआधी दोन-तीन दिवस एका कागदावर वेळ, खोली आणि आकडा असे तीन रकाने भरावेत. कारण वेग किती घटला यापेक्षा तो केव्हा आणि कुठे घटतो, यावरून दोषाची जागा पुष्कळदा सापडते. मोजताना एकक मात्र नीट पाहावे. जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइल उतरवताना पडद्यावर बहुधा मेगाबाइट दिसतात. एका बाइटमध्ये आठ बिट असल्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट येऊ शकतात. तिथे बारा दिसत असतील, तर तक्रारीला जागाच नाही.

आता त्या ९४ विषयी. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात आणि त्या दोन-दोनच्या चार पीळदार जोड्यांत गुंफलेल्या असतात. सेकंदाला १०० मेगाबिटच्या जुन्या पद्धतीला त्यांतल्या दोनच जोड्या पुरतात, सहसा नारिंगी आणि हिरवी. १००० मेगाबिटसाठी मात्र चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार टोकाशी तुटली किंवा गंजली, तर जोडणी बंद न पडता दोन्ही टोकांची यंत्रे बहुधा मुकाट्याने १०० वर उतरतात. माहिती लहान तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत विभागून जाते. त्या १०० मधलेही पाच-सहा टक्के प्रत्येक पाकिटाचा पत्ता, तपासणीचे आकडे आणि दोन पाकिटांमधली सक्तीची विश्रांती यांत खर्च होतात आणि हाती ९४ च्या आसपास उरतात. आमच्याकडे फायबरची पेटी (काचेच्या तंतूतून येणारा प्रकाश वाचून तो केबलवर देणारी) आणि राउटर यांच्यामधल्या हातभर केबलच्या कनेक्टरमध्ये तपकिरी तार सुटली होती. ती केबल बदलल्यावर आकडा लगेच २८० च्या पुढे गेला. राउटरचे पोर्टच, म्हणजे केबल खोचायची जागाच, १०० मेगाबिटचे असेल, तरीही नेमका हाच आकडा दिसतो, म्हणून राउटर घेताना पोर्टचा वेग आवर्जून पाहावा.

खोलीगणिक बदलणाऱ्या आकड्याचा अर्थ वेगळा. २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती साडेपाच-सहा सेंटिमीटरवर येते. दुसरा पट्टा वेगवान खरा, पण भिंतींमध्ये तो अधिक क्षीण होतो. पेठांतल्या जुन्या वाड्याची जाड भिंत असो की नव्या इमारतीतला लोखंडी सळ्यांचा स्लॅब, दोन्हींपुढे तो लवकर हात टेकतो. टीव्हीमागच्या कपाटात कोंबलेला राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी आणला, तर एक पैसाही खर्च न करता फरक पडतो.

संध्याकाळी सात ते अकरा एवढ्यातच वेग पडत असेल, तर आधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून मोजावे. केबलवर वेग ठीक आणि वाय-फायवर कमी असेल, तर अडचण हवेतली आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनल असले, तरी एकमेकांवर न चढणारे तीनच बसतात, म्हणून राउटरमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा निवडावा. त्या पट्ट्यात एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेते, मगच बोलते. मोठ्या सोसायटीत शेजारची वीस-पंचवीस नावे दिसतात, तेव्हा आपल्या फोनचा बराच वेळ नुसता ऐकण्यात जातो. (पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर नारायणगावजवळच्या खोडदच्या परिसरात महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना उभ्या आहेत. त्या जागेच्या निवडीमागे शहरी रेडिओ गोंगाट तिथे कमी आहे, हेही एक कारण होते.) केबलवरही संध्याकाळी वेग पडत असेल, तर अडचण घराबाहेरची. फायबरच्या प्रचलित पद्धतीत सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिटची एक वाट बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते, आणि तिथे आपल्या राउटरचे काही चालत नाही.

पाऊस आला की मंदावणारे नेट मला सर्वांत उद्बोधक वाटते. काचेतून धावणाऱ्या प्रकाशाला पावसाचे काही वाटत नाही. पण ओल्या फांदीखाली फायबर तीव्र वाकला, की जेमतेम नऊ मायक्रोमीटर जाडीच्या गाभ्यातून प्रकाश बाहेर गळतो. दर तीन डेसिबलच्या घटीला तो निम्मा होतो आणि उणे २७ डीबीएमच्या, म्हणजे मिलिवॅटच्या पाचशेव्या भागाच्या आसपास घरातल्या फायबरच्या पेटीला तो वाचता येईनासा होतो. जिन्यातल्या पेटीपासून घरापर्यंत तांब्याची केबल आली असेल, तर पाणी थेट कनेक्टरमध्ये शिरते. दोन्हीकडे परिणाम एकच: काही पाकिटे हरवू लागतात.

पाकिटे थोडीच हरवली, तरी वेग फार पडतो, कारण पाकीट हरवले याचा अर्थ बहुतेक संगणक रस्ता तुंबला असाच घेतात आणि पाठवण्याचा वेग आपणहून कमी करतात. या सवयीमागे ऑक्टोबर १९८६ ची एक घटना आहे. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि तिच्यापासून केवळ ४०० यार्डांवरचे बर्कले विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. सगळी यंत्रे हरवलेली पाकिटे पुन्हा पुन्हा रेटत राहिल्याने तुंबा वाढतच गेला होता. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर काढलेला आणि १९८८ मध्ये मांडलेला उपाय म्हणजेच ही माघार, आणि तिच्यावाचून आजचे इंटरनेट उभेच राहिले नसते. गंजलेल्या कनेक्टरमुळे हरवलेले पाकीट आणि गर्दीमुळे हरवलेले पाकीट यांतला फरक मात्र त्या संगणकाला सहसा कळत नाही. म्हणून तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ एवढेच न सांगता पिंगच्या (पाकीट पाठवून त्याचे उत्तर येते का, हे पाहण्याच्या) चाचणीत शंभरातली किती पाकिटे हरवली आणि फायबरच्या पेटीवर प्रकाशाची पातळी किती दिसते, हे सांगितल्यास तंत्रज्ञ योग्य तयारीने येतो.

शेवटची तऱ्हा अशी, की आकडा उत्तम असतो आणि तरीही व्हिडिओ कॉलवरचा आवाज तुटतो. घरातला एखादा फोन दिवसभराचे फोटो वर चढवत असतो, ती पाकिटे राउटरच्या स्मृतीत लांबलचक रांग लावतात आणि कॉलचे इवलेसे पाकीट त्या रांगेच्या शेपटाशी थांबते. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये अशी रांग आखूड ठेवण्याची रीत मांडली आणि काही राउटरांत ती सोय असते. नसेल, तर फोटोंचा बॅकअप मध्यरात्रीनंतर लावून द्यावा. मग मुलांच्या ऑनलाइन वर्गातला शिक्षकांचा आवाज मध्येच तुटत नाही.