‘त्याच्यासारखे’: एका शब्दामागची दोन हजार वर्षे

मराठी ख्रिस्ती घरात कोणी गेले की दफनाच्या वेळी बहुधा करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचतात. मातीत पडलेले बी, त्यातून उठणारे वेगळेच शरीर, आणि मातीच्या माणसाचे रूप जसे आपण धारण केले तसेच स्वर्गातल्याचेही धारण करू, हे आश्वासन. शब्द लहानपणापासून कानांवर पडलेले असतात, त्यामुळे त्यांतले धाडस जाणवत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात (३:२) तेच आणखी थोडक्यात येते: आपण पुढे काय होणार हे अजून उघड झालेले नाही, पण तो प्रकट होईल तेव्हा आपण त्याच्यासारखे होऊ, कारण तो जसा आहे तसा आपल्याला दिसेल.

सारखे म्हणजे किती सारखे? शरीराने, स्वभावाने, की थेट बरोबरीने? या प्रश्नावर मठांत फूट पडली, परिषदा भरल्या, एका पोपला मृत्युशय्येवर आपले म्हणणे मागे घ्यावे लागले.

सुरुवात उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आहे. देव मनुष्याला ‘आपल्या प्रतिरूपाचा’ आणि ‘आपल्याशी सदृश’ असा घडवतो. मूळ हिब्रूत ‘त्सेलेम’ आणि ‘देमूत’ हे दोन शब्द जवळजवळ एकाच अर्थाचे आहेत. पण त्यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत पुढे एक अख्खा सिद्धांत उभा राहिला. मग मोशे येतो. देवाशी बोलून सीनाय पर्वतावरून तो खाली उतरतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर इतके तेज असते की लोक जवळ यायला भितात आणि त्याला तोंडावर आच्छादन घ्यावे लागते. जो पाहतो, तो ज्याला पाहतो त्याच्यासारखा होऊ लागतो, ही कल्पना इथे प्रथम दिसते. दानीएलाच्या पुस्तकाच्या शेवटी (१२:३) सुज्ञ जन आकाशाच्या प्रभेसारखे झळकतील असे वचन आहे. नीतिमान सूर्यासारखे प्रकाशतील असे येशू सांगतो (मत्तय १३:४३), तेव्हा ऐकणाऱ्यांच्या मनात दानीएल असणारच.

त्या तेजाला हिब्रूत ‘कावोद’ म्हणतात, आणि त्याच्या धातूचा अर्थ आहे जड असणे, वजन असणे. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी ‘डोक्सा’ हा शब्द घेतला. रोजच्या ग्रीकमध्ये त्याचा अर्थ मत किंवा नावलौकिक, त्यामुळे वजनाची छटा तिथे हरवली. मराठीत मात्र ती आपोआप परत आली आहे. ‘गौरव’ हा शब्द ‘गुरु’पासून, म्हणजे जड, भारी यापासून आलेला. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (४:१७) पौल आजच्या हलक्या संकटासमोर ‘गौरवाचा भार’ ठेवतो, तेव्हा मराठी वाचकाला ते कोणी समजावून सांगावे लागत नाही.

विषयाला आकार दिला तो पौलानेच. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती आणि तिथल्या लोकांना आपल्या रोमन नागरिकत्वाचा अभिमान होता. त्यांना तो बंदिवासातून लिहितो की आपले नागरिकत्व स्वर्गात आहे, आणि तिथून येणारा तारणारा आपले हे नीचावस्थेतले शरीर स्वतःच्या गौरवी शरीरासारखे करील (३:२०-२१). शरीर टाकून आत्मा सुटेल असे तो म्हणत नाही. ग्रीक विचाराच्या वातावरणात हे अवघड बोलणे होते. करिंथकरांना त्याने आरशाचा दाखला दिला (दुसरे पत्र, ३:१८): प्रभूचे तेज जणू आरशात पाहत आपण तेजातून तेजात बदलत जातो. इथले क्रियापद आणि डोंगरावर येशूचे रूपांतर झाले त्या कथेतले क्रियापद ग्रीकमध्ये एकच आहे. 

दुसऱ्या शतकात या वचनांवर पहिला मोठा हल्ला झाला तो शरीराला तुच्छ मानणाऱ्या ज्ञानवादी पंथांकडून. त्यांना उत्तर देताना, साधारण इ.स. १८०च्या सुमारास, लिऑनचा बिशप इरेनेयस याने लिहिले की आपण जे आहोत ते ख्रिस्त झाला, यासाठी की तो जे आहे ते त्याने आपल्याला करावे. ‘प्रतिरूप’ आणि ‘सदृशता’ यांत फरक करण्याची वाटही त्यानेच पाडली. पुढच्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने ती आणखी रुंद केली: प्रतिरूप निर्मितीच्या वेळीच मिळाले, सदृशता मात्र शेवटासाठी राखून ठेवली आहे. पुराव्यासाठी त्याने योहानाचे तेच वचन पुढे केले. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने इरेनेयसचे सूत्र आणखी टोकदार केले. आपण देव व्हावे म्हणून तो मनुष्य झाला, असे त्याचे शब्द. आज हे वाक्य चर्चमध्ये उच्चारले तर माना वळतील. पण तो आणि त्याच्या परंपरेतले लोक एक अट कधी सोडत नव्हते: पुत्र जे आहे ते स्वभावाने, आपण जे होऊ ते कृपेने.

ही अट कुणी ओलांडली तर काय होते, ते सहाव्या शतकात पॅलेस्टाईनच्या वाळवंटात दिसले. मला हा या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग वाटतो. तकोवाजवळच्या ‘नव्या लाव्रा’ मठाभोवती ओरिजेनच्या विचारांवर वाढलेल्या भिक्षूंचा एक गट होता. त्यांना ‘इसोख्रिस्तोई’ म्हणत, म्हणजे ‘ख्रिस्ताच्या बरोबरीचे’. अंती सगळे मूळ ऐक्यात परततील आणि प्रत्येक आत्मा ख्रिस्ताच्या तोडीचा होईल, असे ते शिकवीत. त्यांच्या बाजूच्या एका धर्माधिकाऱ्याचा युक्तिवाद इतिहासात नोंदलेला आहे: प्रेषित आणि हुतात्मे आजच चमत्कार करतात, त्यांना एवढा मान आहे, मग शेवटी ते ख्रिस्ताच्या बरोबरीचे झाले नाहीत तर त्यांना आणखी मिळाले काय? हा प्रश्न उर्मटपणातून आला असे मला वाटत नाही, त्यामागे ओढ आहे. पण ५५३च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेच्या सुमारास या शिकवणीचा निषेध झाला. योहानाने ‘होमोइओस’ म्हणजे सारखा हा शब्द वापरला होता. भिक्षूंनी तो ‘इसोस’ म्हणजे समान असा वाचला. चर्चने दोन्हींत रेघ ओढली. ख्रिस्त थोरला भाऊ (रोमकरांस ८:२९) आणि आपण धाकटी भावंडे. धाकट्यांचा चेहरा थोरल्यावर गेला, म्हणून धाकटे थोरले होत नाहीत.

सारखे झालो तर आपण आपण उरू का, ही दुसरी धास्ती. मकारियस या वाळवंटातल्या भिक्षूच्या नावावरच्या प्रवचनांत याचे उत्तर लख्ख आहे: पुनरुत्थानात सगळे प्रकाशमय होतील, पण विरघळणार नाहीत, पेत्र पेत्रच राहील, पौल पौल, फिलिप्प फिलिप्प. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या, शेवटच्या भागात हा प्रश्न अगदी जमिनीवर आणला. पुत्राच्या प्रतिरूपाचे व्हायचे तर सगळ्यांची उंची ख्रिस्ताएवढी होईल का? नाही, म्हणतो तो; वय मात्र ख्रिस्ताच्या भर तारुण्यातले, तिशीच्या आसपासचे असेल. काही जण म्हणत, स्त्रिया पुरुष होऊन उठतील. ऑगस्टीन ठाम नकार देतो: स्त्रीत्व हा दोष नाही, ते निसर्गाने दिलेले आहे, आणि ज्याने दोन्ही घडवले तो दोन्ही उठवील. आणि हुतात्म्यांचे व्रण? तुटलेले अवयव त्यांना परत मिळतील, पण जखमांच्या खुणा कदाचित दिसतील, आणि त्या शोभा होऊन दिसतील. थोमाला उठलेल्या येशूने हात दाखवले तेव्हा खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, हे इथे आठवते.

पुढे पूर्वेकडचे (ऑर्थोडॉक्स) आणि पश्चिमेकडचे (रोमन) चर्च यांनी भर वेगवेगळ्या ठिकाणी दिला. पूर्वेकडे ६ ऑगस्टचा रूपांतराचा सण मोठा झाला. चौदाव्या शतकात अॅथॉस पर्वतावरच्या भिक्षूंना प्रार्थनेत दिसणारा प्रकाश ताबोरवरचाच, म्हणजे येशूच्या रूपांतराच्या डोंगरावरचाच का, यावर वाद पेटला. ग्रेगरी पालामासने भिक्षूंची बाजू घेतली: देवाचे तत्त्व कोणाला गाठता येत नाही, पण त्याची ऊर्जा, त्याचे तेज खरोखर लाभते. १३४१ आणि १३५१च्या कॉन्स्टँटिनोपलमधल्या परिषदांनी त्याला मान्यता दिली. पश्चिमेने ‘दिसेल’ या क्रियापदाला धरले. थॉमस अक्विनासने गौरवी शरीराचे चार गुण मांडले: अक्लेश, सूक्ष्मता, चपळता आणि तेज. देवदर्शन मृत्यूनंतर लगेच की शेवटच्या न्यायानंतर, यावर पोप बावीसावा जॉन याने १३३१मध्ये प्रवचनांतून वेगळे मत मांडले, गदारोळ झाला, आणि १३३४मध्ये मरताना त्याने ते मागे घेतले. १३३६मध्ये बारावा बेनेडिक्ट याने निर्णय दिला: शुद्ध झालेल्या आत्म्यांना लगेच, समोरासमोर. सुधारणावादी काळात नीतिमान ठरण्याचा प्रश्न पुढे आला आणि हा विषय जरा मागे सरला, तरी कॅल्व्हिनने पेत्राच्या दुसऱ्या पत्रातल्या ‘दैवी स्वभावाचे भागीदार’ या शब्दांवर लिहिताना याला एक प्रकारचे दैवीकरणच म्हटले. १९७७मध्ये कीव्हला फिनलंडचे लुथरन आणि रशियन ऑर्थोडॉक्स प्रतिनिधी बसले, तेव्हा हाच धागा दोघांच्या हाती लागला.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना सलोकता (देवाच्या लोकी राहणे), समीपता (त्याच्याजवळ राहणे), सरूपता (त्याच्यासारखे रूप मिळणे) आणि सायुज्यता (त्याच्याशी एकरूप होणे) या चार मुक्ती आल्या असतील. ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकाचा शेवटचा समास त्यांच्यावरच आहे, आणि रामदास तिथे सायुज्यतेलाच अखेरची, न ढळणारी मुक्ती मानतात. ख्रिस्ती आशा सरूपतेच्या शेजारी उभी राहते, पण तिची मांडणी वेगळी आहे. एक तर ती याच शरीराची आहे, पुरलेल्या बियाची. दुसरे म्हणजे रामदासांना जी पायरी वाटेतली वाटते, तिथेच योहान थांबतो आणि पुढे काही मागत नाही. त्याच्यासारखे होऊ, आणि तो दिसेल. पाहणारा आणि दिसणारा दोघेही राहतात. कबरीवर पहिली मूठभर माती टाकताना माझ्या मनात तेच वचन असते.