खवट आणि नासलेलं: व्हिटॅमिन ई म्हणजे प्रिझर्वेटिव्ह नव्हे

सुकं खोबरं खवट होतं, दूध नासतं. स्वयंपाकघरात या दोन गोष्टींची गल्लत कुणी करत नाही. खवट खोबऱ्याला बुरशी आलेली असतेच असं नाही, आणि विटलेल्या वरणाला कुणी खवट म्हणत नाही. पण त्याच ओट्यावर चेहऱ्यासाठी कोरफडीचं जेल करायला घेतलं की हे शहाणपण कुठे जातं कोण जाणे. ‘‘व्हिटॅमिन ईच्या दोन कॅप्सूल फोडून घातल्यात, महिनाभर टिकेल’’ असं आपण बिनदिक्कत सांगतो.

मीही सांगायचे. तेलकट चेहरा, हनुवटीवर पुटकुळ्या आणि त्या बसल्या की मागे उरणारे काळे डाग. त्यावर माझा उपाय म्हणजे ताज्या कोरफडीचा गर, गुलाबपाणी आणि दोन कॅप्सूल, सगळं मिक्सरमधून काढून बाटलीत. पावसाळ्याचे दिवस होते. आठव्या दिवशी झाकणाच्या आत करडा ठिपका दिसला. वास अजून गुलाबाचाच होता, आणि आदल्या रात्रीपर्यंत मी ते नेमाने लावत होते.

खवटपणा हा तेलाचा रोग. हवेतला ऑक्सिजन, ऊन आणि उष्णता मिळून तेलाचे रेणू मोडतात, त्यातून तो ओळखीचा वास येतो. खोबरेल बराच काळ तग धरतं. जवसाचं किंवा द्राक्षबियांचं तेल लवकर बिघडतं. गंमत अशी की तेलकट त्वचेसाठी म्हणून जी हलकी तेलं निवडली जातात, त्यातली बरीचशी या दुसऱ्या गटातली. व्हिटॅमिन ई, म्हणजे टोकोफेरॉल, हे अँटिऑक्सिडंट आहे. तेलाच्या आधी ते स्वतः ऑक्सिजनच्या तोंडी जातं, त्यामुळे तेलाला थोडे जास्त दिवस मिळतात. १०० ग्रॅम तेलाला अर्धा ग्रॅमसुद्धा पुष्कळ होतो. एकदा खवट झालेलं तेल मात्र त्याने परत ताजं होत नाही.

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या हिरव्या कॅप्सूलचं आणखी एक त्रांगडं आहे. तिच्यात बहुधा टोकोफेरिल ॲसिटेट असतं. या रूपात रेणूचा जो भाग ऑक्सिडेशन रोखतो, तोच बांधून ठेवलेला असतो. त्वचेत गेल्यावर त्यातला थोडा मोकळा होतो, पण बाटलीतल्या तेलाचं राखण करायला तो जवळजवळ निरुपयोगी. तेलासाठी घ्यायचंच तर साधं टोकोफेरॉल मागवावं. कॅप्सूल थेट डागावर चोळायची सवयही सोडलेली बरी. १९९९ साली अमेरिकेत १५ जणांच्या शस्त्रक्रियेच्या व्रणांवर व्हिटॅमिन ई लावून पाहिलं, तेव्हा व्रण फारसे सुधारले नाहीतच, उलट सुमारे एक तृतीयांश जणांना त्वचेची ॲलर्जी उठली.

नासणं हा पाण्याचा रोग. जिथे पाणी, तिथे जिवाणू, यीस्ट आणि बुरशी. कोरफडीचा गर, तांदळाचं पाणी, काकडीचा रस, गुलाबपाणी ही त्यांची मेजवानीच. पापड टिकतो तो पाणी नसल्यामुळे. मुरांबा टिकतो तो साखरेने पाणी धरून ठेवल्यामुळे. पाकाइतकं ग्लिसरीन घातलं तर जेलही टिकेल, पण असं चिकट काही तोंडाला कोण लावणार? शिवाय बुरशीचा ठिपका दिसतो तो फार उशिरा. त्याआधी जेल स्वच्छ दिसत असतं, पण आत वस्ती वाढलेली असते. फुटलेल्या पुटकुळीवर असलं काही गेलं तर नवा संसर्ग, नवी सूज. आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत सूज उतरली तरी तिथे मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं काळसर रंगद्रव्य, मागे राहतं. म्हणजे ज्या डागासाठी जेल केलं, तोच डाग जेलने दिला.

त्या वस्तीला अडवतं ते प्रिझर्वेटिव्ह. व्हिटॅमिन ई त्यातल्या एकालाही मारत नाही. ते तर पाण्यात विरघळतही नाही. कडुनिंब, हळद, टी ट्री तेलाचे चार थेंब यांच्यावरही भिस्त ठेवू नये. पुटकुळीवर उपयोगी पडणारी वस्तू बाटली राखेलच असं नाही.

घरी वापरायला फिनॉक्सिइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरीन यांचं मिश्रण सोयीचं. साधारण १ टक्का, म्हणजे १०० ग्रॅमला १ ग्रॅम. थेंब मोजू नयेत, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घ्यावा. सोडियम बेंझोएट स्वस्त आहे, पण ते आंबटपणात चालतं. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. पीएच ५ ला त्याचा जेमतेम सातवा हिस्सा कामाच्या रूपात असतो, ६ ला दोन टक्केही नाही. काळ्या डागांसाठी आपण निआसिनामाइड, म्हणजे व्हिटॅमिन बी३चं एक रूप, घालतो, आणि त्याला साधारण ५ ते ७ पीएच मानवतो. या दोघांचं एका बाटलीत जमायचं नाही. म्हणून लिंबू पिळून पीएच उतरवायला जाऊ नका, तो वेगळाच उपद्व्याप होईल.

‘केमिकल नको’ म्हणणाऱ्यांसाठीही वाट आहे: पाणी बाटलीत भरूच नये. मुलतानी माती कोरडी ठेवावी, लावायच्या वेळी भिजवावी, उरलेली टाकून द्यावी. कोरफडीचा गर फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावा. नुसत्या तेलाला प्रिझर्वेटिव्ह लागत नाही, फक्त त्यात ओली बोटं बुडवायची नाहीत. तेल आणि पाणी दोन्ही असलेल्या क्रीमला मात्र प्रिझर्वेटिव्ह लागतंच, आणि तेल नाजूक असेल तर टोकोफेरॉलही.

हल्ली माझं सीरम १०० ग्रॅमचं असं: डिस्टिल्ड पाणी ९१.७, निआसिनामाइड ४, ग्लिसरीन ३, वरचं प्रिझर्वेटिव्ह १, दाटपणासाठी झँथन गम ०.३. गम आधी ग्लिसरीनमध्ये कालवते, नाहीतर पिठल्यासारख्या गुठळ्या होतात. शेवटी पीएचची पट्टी बुडवते आणि बाटलीवर तारीख लिहिते. तेलाचा थेंब नसल्यामुळे हिरव्या कॅप्सूलला यात कामच नाही. तिची अर्धी पट्टी अजून कपाटात पडून आहे.