शुगर घराण्यातून येते, पण सिकलसेलसारखी नाही

नागपुरात मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जा किंवा गल्लीतल्या डॉक्टरकडे, केसपेपर भरताना एक प्रश्न हमखास येतो : "घरी कोणाला शुगर, बीपी?" आईला किंवा वडिलांना आहे असं सांगताना अनेकांचा चेहरा उतरतो. आता आपलीही सुटका नाही, असं त्यांनी मनाशी धरलेलं असतं.

ही समजूत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे, म्हणजे मधुमेहासारख्या आजाराचे, दोन प्रकार दिले आहेत : आईवडिलांच्या बीजदोषातून आलेला 'सहज' आणि चुकीच्या आहाराने ओढवलेला 'अपथ्यनिमित्तज'. आजच्या डॉक्टरलाही ही विभागणी बरीचशी पटेल. पण त्याच ग्रंथात कुष्ठही बीजदोषाच्या यादीत आहे. कुष्ठरोग रक्तातून, म्हणजे घराण्यातून येतो, हे मत युरोपातही एकोणिसाव्या शतकात जोरात होतं. १८७३ मध्ये नॉर्वेत हॅन्सन यांना त्याचा जंतू दिसला, तरी लोकांच्या मनातून घराण्यावरचा डाग गेला नाही. त्यानंतर साठ वर्षांनीही आपल्या विदर्भात रोग्यांना घराबाहेर काढलं जात होतं, म्हणून १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांना कुष्ठधाम उभारावं लागलं. किती घरांतल्या मुलींची लग्नं या चुकीच्या समजुतीने मोडली असतील!

खरोखर रक्तातून येणारा आजार आपल्याकडे आहे, तो सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आजार. १९४९ मध्ये अमेरिकेत जेम्स नील यांनी त्याचा आनुवंशिक नियम मांडला. १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो आढळला आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. इथे दोष एकाच जनुकात आहे, म्हणून हिशेब पक्का आहे. आई आणि वडील दोघेही एएस, म्हणजे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस, म्हणजे आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं मूल एसएस निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं अनेक कुटुंबं धरून चालतात. ते चूक आहे. दर वेळी हिशेब नव्याने सुरू होतो. एएस माणूस सहसा धडधाकट असतो, त्यामुळे चाचणी केल्याशिवाय त्याचं त्यालाही कळत नाही. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचा भर म्हणूनच तपासणीवर आहे. लग्न ठरवताना दोघांचीही चाचणी व्हायलाच हवी, असं मला ठामपणे वाटतं.

शुगरचं मात्र असं नाही. गंमत म्हणजे तिच्यामागे लागलेला माणूसही नीलच. दुष्काळात शरीराला तगवणारी जनुकं सुबत्तेत मधुमेह आणत असावीत, असा तर्क त्यांनी १९६२ मध्ये मांडला. त्यावर अजून वाद आहे. पुढे संपूर्ण जनुकसंचाचे अभ्यास झाले आणि टाइप २ मधुमेहाशी जोडलेल्या शेकडो जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा अगदी थोडा. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने खेड्यातल्या मातांचा अभ्यास केला, तेव्हा बाळं वजनाने कमी पण त्या मानाने चरबीने जास्त भरली. म्हणजे पोटात असतानाचं पोषणही यात आलं. शिवाय एका घरात चूल एकच. तेल, मीठ, रविवारचं सावजी आणि बसून राहण्याची सवय आईवडिलांकडून मुलांकडे येते, ती जनुकांशिवाय. बीपीचंही बरंचसं असंच.

चेन्नईच्या संशोधकांनी २००५ मध्ये भारतीयांसाठी मधुमेहाच्या जोखमीची १०० गुणांची मोजपट्टी केली. त्यात आईवडील दोघांना मधुमेह असेल तर २० गुण, एकाला असेल तर १०. कंबरेच्या घेराला २० पर्यंत, वयाला ३० पर्यंत आणि व्यायामही नाही आणि कामही बैठं असेल तर पूर्ण ३०. साठ किंवा त्याहून जास्त म्हणजे मोठी जोखीम. दोघांनाही शुगर असलेल्या घरातला बत्तीस वर्षांचा मुलगा कंबर ९० सेंटिमीटरच्या आत ठेवून नियमित व्यायाम करत असेल, तर तो साठच्या बराच खाली राहतो.